पयले श्वास, मंग जवाब

तायडे सरांना तुम्ही वेळ विचारली, तर ती लगेच मिळत नाही. ते आधी डोळे मिटतात. श्वास नाकातून आत जाताना पाहतात, बाहेर येताना पाहतात. मग डोळे उघडून घड्याळ बघतात आणि अत्यंत शांतपणे वेळ सांगतात. तोवर विचारणाऱ्याची बस निघून गेलेली असते.

"पयले श्वास, मंग जवाब," हा सरांचा नियम. त्याला सूट नाही. गल्लीत भाजीवाली येते आणि विचारते, "सर, सांबार देऊ काय?" सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. सर डोळे मिटतात. पहिल्यांदा तिला वाटलं, सरांना चक्कर आली. तिनं भाजीवर शिंपडायचं पाणी सरांच्या तोंडावर शिंपडलं. आता तिला सवय झाली आहे. ती जुडी स्वतःच पिशवीत टाकते आणि म्हणते, "सराईचा श्वास होईस्तोर माही मेथी सुकून जाईन."

मी शेंदूरजनाघाटजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. बी.एस्सी.साठी अमरावतीला आले आणि तायडे सरांच्या माडीवरच्या खोलीत राहू लागले. पहिल्या दिवशी सरांनी मोठ्यानं विचारलं, "नाव काय तुहं?" भीतीनं माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. सर एकदम खूष झाले. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारून म्हणाले, "पाह्य वो! पोट्टी आधीच श्वास पाह्यते!"

मी श्वास पाहत नव्हते. तो अडकला होता. पण सरांना ते सांगायची हिंमत मला पुढे बरेच महिने झाली नाही.

सर निवृत्त पीटी शिक्षक आहेत. रोज सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात ते ध्यानाचा वर्ग घेतात. दुसरीकडे ध्यान शिकवणारे म्हणे हळुवार आवाजात बोलतात. आमच्याकडे गळ्यात शिटी असते.

"पाठ, सरळ! डोळे, बंद! श्वास, पाहा!"

तुकडी श्वास पाहू लागते. थोड्या वेळानं कोणीतरी चुळबुळ करतं. डोळे मिटलेले असूनही सरांना ते कळतं.

"मुंग्या आल्या काय पायाले? येऊ द्या. पाहुण्या हायेत त्या. येतीन, बसतीन, जातीन. चहा नोका देऊ."

मला सगळ्यात आवडते ती शेवटची मंगल मैत्री. तेव्हा ज्याच्या त्याच्याबद्दल मनात चांगलं आणायचं असतं. सर तेही हजेरी घेतल्यासारखं करतात. "दूधवाल्याचं मंगल हो! पाणी घालते, तरी मंगल हो! डीजेवाल्याचं मंगल हो! त्याच्या मशीनचं नाई, त्याचं!" असं करत करत एका जागी येऊन सर थांबतात. बराच वेळ काहीच बोलत नाहीत. मग शिटी वाजते आणि वर्ग सुटतो. इतकं ओरडल्यावर दम लागत असेल, असं मी समजत होते.

हसू येत असलं तरी मला या वर्गाचा उपयोग झाला, हे सांगितलं पाहिजे. आमच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी प्रश्न विचारला. मी एक श्वास पाहिला. उत्तर आलं असं नाही, पण "हे मला येत नाही सर, दुसरं विचारा," एवढं स्पष्ट म्हणता आलं. त्याआधी मला तेवढंही म्हणता येत नव्हतं.

काकूंचं मत मात्र वेगळं आहे.

"ओ मास्तर, दूध उतू चाललं! गॅस बंद करा!"

सर शेगडीसमोर उभे. डोळे मिटतात. श्वास आत, श्वास बाहेर. दूध ओट्यावर.

"अनिच्च," सर म्हणतात. म्हणजे सगळं बदलतं, काहीच टिकत नाही, ही बुद्धाची शिकवण.

"टिकलं असतं ना पण दूध!" काकू फडकं घेऊन येतात. "जराशी बोटं हालवली असती तं टिकलं असतं!"

हा माणूस पूर्वी कसा होता, ते मला काकूंनीच सांगितलं. सरांचा राग वस्तीत प्रसिद्ध होता. ते घरात चिडले की चौकातली पोरं सावधान उभी राहत. आपली मुलगी सुजाता शिक्षिका व्हावी, ही त्यांची फार इच्छा. तिनं शिक्षण पूर्ण केलं, नोकरीही लागली. मग एक दिवस ती सोडून तिनं अकोल्यात ब्युटी पार्लरचं काम धरलं. नात्यातल्या एका लग्नाच्या मांडवात सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "लोकाईचे केस कापाले शिकवलं काय तुले? माह्या घराची पायरी चढू नोको!" माईक लागला नाही. नवरदेवापर्यंत ऐकू गेलं. सुजाता जेवणावरून उठली, ती परत या घरी आली नाही. काकूंशी फोनवर बोलायची, बापाशी नाही.

त्यानंतर सर मौनाच्या शिबिराला गेले. "तेवढे दिवस माह्या घरात मले कुकरची शिटी ऐकू आली," काकू म्हणाल्या. "आले तं असे. काही विचारा, डोळे मिटते. पयले ओरडाचे तेव्हा समजत तरी होतं."

एका शुक्रवारी दुपारी मी ओसरीवर वाचत बसले होते. सरांचा फोन वाजला. स्पीकर चालूच होता, कारण तो बंद कसा करायचा हे सरांना ठाऊक नाही.

"बाबा, मी सुजाता बोलते. रविवारी माह्या सोताच्या दुकानाचं उद्घाटन हाये. तुमी येसान काय?"

सरांनी डोळे मिटले.

त्या दिवशीसारखा लांब श्वास मी कधी पाहिला नाही. तो आत गेला आणि परत यायलाच तयार नव्हता. काकू दारात हात जोडून उभ्या. "बोला ना वो," त्या नुसत्या ओठांनी म्हणत होत्या.

"समजलं," फोनमधून आवाज आला आणि फोन कटला.

सरांचा श्वास बाहेर आला. मागून शब्दही आले. "येतो. येतो मी, माय." ऐकायला तिकडे कोणी नव्हतं.

सरांनी पुन्हा पुन्हा फोन लावला, तिनं उचलला नाही. काकूंचा उचलला. "राहू दे आई," ती म्हणाली. "शिव्या देल्या असत्या तं चाललं असतं. त्यायनं आवाजबी नाई काढला."

त्या संध्याकाळी सरांनी शिटी खुंटीला टांगली आणि जाहीर केलं, "रविवारी अकोल्याले जातो. ती बोलो का नाई बोलो. दाराबाहीर उभा राहीन, पण जातो."

"जा," काकू म्हणाल्या. "मी नाई येत. मी असली तं तुमचा श्वास चालू असताना मीच बोलून टाकीन. तुमी तोडलं, तुमीच जोडा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तू जा याह्यच्या संगं. नाई तं बडनेऱ्यातच डोळे मिटून बसतीन."

रविवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" सरांनी डोळे मिटले. कंडक्टर पुढच्या सीटवर निघून गेला. मी मागून ओरडून अकोल्याची दोन तिकिटं मागितली.

मला एक गोष्ट सांगायची होती. बडनेरा गेलं तरी ती तोंडातून निघेना. ज्यांनी मला श्वास पाहायला शिकवलं, त्यांना मी काय सांगणार? शेवटी एक श्वास पाहिला आणि बोलून टाकलं.

"सर, तिथं श्वास नका पाहू. ती काही म्हणाली तर आधी बोला."

सर खिडकीकडे वळले.

"अन् राग निंघाला तं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मले भेव वाटते, पोरी. थो मांडवातला माणूस अजून आतच हाये. श्वास सोडला का थोच बाहीर येईन."

तोंडी परीक्षेतल्यासारखं मी स्पष्ट सांगितलं. "मला माहीत नाही सर. पण तुम्ही गप्प राहिलात तर तिला मांडवातलाच माणूस दिसेल."

सरांनी पाठ सरळ केली. "बरं. मंग सराव करा लागन."

मूर्तिजापूरला गाडी थांबली. खिडकीशी एकजण आला. "शेंगा?"

"दे!" सर गरजले. विकणारा दचकला. स्वतः सरही दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर पदक मिळाल्यासारखा आनंद पसरला. "पाह्य! श्वासाबिगर बोललो, अन् राग नाई निंघाला!"

"पेरू घेता काय, काका?" "घेतो!" "फणी? फुगा?" "दे! दे!" सरांना तिथल्या तिथे उत्तर देण्याचा सराव करायचा होता, आणि नाही म्हणायला वेळ लागतो. अकोल्यात उतरलो तेव्हा आमच्याकडे दोन पिशव्या शेंगा, पेरू, एक लाल फुगा आणि एक प्लास्टिकची फणी होती. सरांना टक्कल आहे.

सुजाताच्या दुकानाला झेंडूचं तोरण लावलं होतं. आत बायांची गर्दी होती. सर फुगा धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सुजातानं मागे वळून पाहिलं. तिच्या हातात कात्री होती.

"कायले आले?" ती म्हणाली.

सरांच्या पापण्या खाली येऊ लागल्या. पापण्या अर्ध्यावर आल्या, तिथं थरथरल्या आणि वर गेल्या.

"तुले पाह्याले आलो!"

शाळेच्या मैदानावरचा आवाज होता तो. खुर्चीतली बाई चेहऱ्यावरच्या लेपासकट उठून उभी राहिली. रस्त्यावरच्या ऑटोवाल्यानं ब्रेक मारला.

"हळू बोला ना, बाबा," सुजाता म्हणाली. "गिराईक पळतीन."

"पळू दे!" सर बोलून गेले आणि घाबरले. "नाई, नाई. पळू नोको देऊ. दुकान चांगलं हाये." मग त्यांनी घाईघाईनं खिशातून ती फणी काढली आणि पुढे केली. "हे तुह्या दुकानासाठी. फोनवर मी रागात नोतो, माय. श्वास पाहून राह्यलो होतो. अन् मांडवात जे बोललो, ते बिनाश्वासाचं होतं. ते चुकलं."

सुजातानं फणी घेतली. ती दातांवर अंगठा फिरवत राहिली. "आईनं सांगलं होतं मले," ती म्हणाली. "म्या म्हटलं, खोटं बोलते आई. बाबा अन् गप्प?" ती हसत होती का रडत होती, ते मला नीट कळलं नाही. "बसा इथं. कानातले केस केवढे वाढले, पाहा बरं. आई पाह्यत नाई काय?"

सर खुर्चीत बसले. समोर आरसा होता, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. कात्री कानाजवळ चालू झाली तसे त्यांचे ओठ हलू लागले. दूधवाल्याचं मंगल हो. डीजेवाल्याचं मंगल हो. रोजच्या त्या जागी ते आले. तिथं ते थांबले नाहीत. "सुजाताचं मंगल हो," असं अगदी हळू म्हणाले.

माझा फोन वाजला. काकू होत्या. मी बाहेर तोरणाखाली आले.

"बोलले काय गं मास्तर?"

"बोलले, काकू," मी ताबडतोब सांगितलं. "श्वासाच्या आधीच बोलले."

काकू कधी गप्प बसत नाहीत. त्या गप्प झाल्या. फोन कटला नव्हता. पलीकडून एक लांब श्वास आत जाताना ऐकू आला, आणि मी तो बाहेर येईपर्यंत थांबले.