विष्णूकाका आणि एकाहत्तर टक्के सिग्नल

डिश अँटेना लावणं माझ्यासाठी म्हणजे पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरणं! मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे. आता नोकरीत मी दिवसभर एक्सेलच्या चौकोनांत रंग भरतो, ही गोष्ट वेगळी. जिच्याशी मला लग्न करायचंय त्या शिवांगीच्या वडिलांना ती सांगायची काय गरज?

तर झालं असं. शिवांगीची आई, म्हणजे शैलजाकाकू, एका मराठी चॅनलच्या पाककृती स्पर्धेत चिरोटे करून आल्या होत्या. निकाल त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता. कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला, आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या कॉलनीत दुरुस्तीसाठी लाइट बंद! मी संधी साधली.

"आमच्याकडे या ना! सुदामा नगर काय लांब आहे? काका, अशी एचडी दाखवतो की चिरोट्याचे पदर मोजाल!"

शिवांगीचे वडील विष्णूकाका नाशिकहून इथे इंदूरच्या कॉलेजात गणित शिकवायला आलेले. 'मोजाल' हा शब्द थेट काळजात घुसला.

"मोजू," ते म्हणाले. "आणि मग तुम्हा दोघांच्या विषयाचंही बोलू."

म्हणजे बघा! माझं लग्न आता आमच्या गच्चीवरच्या डिशला लटकलं होतं.

रविवारी पावणेअकराला पाहुणे सोफ्यावर बसले. मी ऐटीत एचडी लावलं. निवेदिकेचं कपाळ एका कोपऱ्यात, हनुवटी दुसऱ्या कोपऱ्यात, मधे हिरवे-जांभळे चौकोन. बाई नव्हे, गोधडी!

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"गरम होतोय टीव्ही."

"आजकाल टीव्ही गरम व्हावा लागतो?"

मी पाना घेऊन गच्चीवर पळालो. खाली माझी बहीण आर्या फोन कानाला लावून टीव्हीवरचा सिग्नल वाचू लागली. मी एक नट फिरवला.

"किती?"

"बावीस."

"आता?"

"अकरा. दादा, तू दुरुस्त करून राहिलाय की बिघडवून राहिलाय?"

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर बनियनमधले मारुती भिया, म्हणजे आमच्याकडचे भैया, उगवले. इंदूरमध्ये तुम्ही गच्चीवर पाना घेऊन उभे राहा, दोन मिनिटांत सल्लागार हजर होतो!

"भिया, इसको गौतमपुरा की तरफ घुमाओ! सिग्नल उधर से आता है!"

"भिया, सॅटेलाइट आसमान में रहता है."

"हां, तो गौतमपुरे के ऊपरवाले आसमान में रहता होगा ना!"

तर्क बिनतोड होता. फिरवली.

"शून्य," आर्या म्हणाली.

मागून काका वर आले. "नचिकेतराव, पाच मिनिटं राहिली," असं म्हणत ते डिशच्या खांबाला टेकले. फोनमधून किंकाळी आली.

"एकाहत्तर! दादा, एकाहत्तर! कोणी हलू नका!"

काका सरळ झाले. "चौदा!" पुन्हा टेकले. "एकाहत्तर!"

खांब सैल होता आणि काकांच्या वजनाने हवा तेवढाच कलत होता. मी टेकून पाहिलं, तीस. मारुती भिया भिंत ओलांडून आले आणि टेकले, तर खांबच आडवा व्हायला निघाला! माझे बाबा खालून ओरडले, गॅसचं सिलिंडर बांधू. पण अकरा वाजले.

"मी उभा राहतो," काका शहीद व्हायला निघाल्यासारखे म्हणाले. "तुम्ही फोनवर ऐकून मला सांगा."

म्हणजे जो माणूस बघायला आला होता तो गच्चीवर, आणि बाकी सगळे सोफ्यावर! मी काकांशेजारी उभा राहून, आर्या फोनवर सांगेल तशी कॉमेंट्री सुरू केली.

"काका, पिवळी साडी! काका, कणीक मळली!"

"मैदा असतो तो."

"मैदा मळला! लाटला! तळला!"

"पदर किती सुटले?"

"आर्या, पदर किती?"

"साडीला एकच असतो ना?"

चोवीस मिनिटं झाली. काका उन्हात लाल. निवेदिकेने काकूंना विचारलं, घरचे मदत करतात का? खाली हशा फुटला. आर्या फोनमधून माझ्या कानात कुजबुजली, "काकू म्हणाल्या, 'आमचे हे? सांगितलेल्या जागी दोन मिनिटं उभे राहिले तर शपथ!'"

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणाल्या, आमचे हे कायम पाठीशी खंबीर उभे असतात."

काका गहिवरले. डोळे पुसायला खांबापासून सरकले. खालून सगळ्यांचा टाहो! नेमका निकाल जाहीर होत होता.

आम्ही खाली धावलो. पडद्यावर गोधडी. सगळे काकूंकडे बघू लागले.

"बुधवारी चार वाजता परत दाखवणार आहेत. तेव्हा कळेल," त्या शांतपणे म्हणाल्या.

"पण माझ्याबद्दल छान बोललीस हो," काका म्हणाले.

"मी?" काकूंनी खरं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. शिवांगीने कपाळावर हात मारला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोललात."

"हो, काका."

"सफाईने बोललात. संसार जमेल तुम्हाला. पण पक्कं उत्तर बुधवारी. मी सोफ्यावर बसणार. खांब तुम्ही धरायचा."

बुधवारी मी हाफ डे टाकला. वजन कमी पडू नये म्हणून पाठीवर दहा किलो गव्हाची पिशवी बांधली आणि टेकलो. एकाहत्तर!

"वा, जावईबापू!" खालून काकांचा आवाज आला. "आता हलू नका!"

जावईबापू! मी दिवाळीपर्यंत उभा राहिलो असतो. नाकावर मुंगी चढली, हललो नाही. डोक्यावर कबूतर बसलं, त्यालाही बसू दिलं.

ऊन कललं तेव्हा आर्या वाळलेले कपडे काढायला वर आली.

"दादा, तू अजून इथे?"

"हात लावू नकोस! निकाल लागला का?"

"केव्हाच! काकू पहिल्या आल्या. चहा झाला, तुझी तारीख ठरली, ते गेलेसुद्धा."

"एचडी कशी दिसली?"

"एचडी कुठली? पाच मिनिटांत आई रिमोटवर बसली आणि साधा चॅनल लागला, त्याला कमी सिग्नलही पुरतो. कोणाला फरकच कळला नाही!"

तारीख ठरली म्हटल्यावर मी आनंदाने उडी मारणार होतो. पण पाठीवर दहा किलो गहू होते.