इराप्पा आण्णांची गाज

आमच्या शेजारचे इराप्पा आण्णा काच चाटून बघतात. समुद्रावर वाळूत एखादा तुकडा सापडला की तो धोतराला पुसायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. खारट लागला तर खिशात. नाही लागला तर, "कालची बाटली हाय ही. अजून समुद्र प्यालेली न्हाय."

मी त्यांना एकदा सांगितलं, की समुद्रात तासभर पडलेली चप्पलसुद्धा खारट लागेल. त्यांनी माझी कीव केल्यासारखं बघितलं.

"सायेब, तुमी चप्पल चाटून बघितलासा व्हय?"

मी बघितली नव्हती. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. जे स्वतः तपासलं नाही त्यावर सही करत नाही. त्यामुळं तो मुद्दा तिथंच पडला.

आण्णांचं वय एकाहत्तर. सीमाभागातल्या खासबागेत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये साडेचार इंचांची एक भिंत आहे, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्यांनी कपबशी ठेवली तरी आम्हाला कळतं. घराणं साड्या विणणाऱ्यांचं. आधी हातमाग, मग यंत्रमाग, आता दोन्ही नाहीत. शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. मराठी गल्लीत शिकलेली. एका वाक्यात दोन्ही भाषा ते उभ्या-आडव्या धाग्यासारख्या घालतात आणि वाक्य उसवत नाही.

मूलबाळ नाही. बायको शारदाक्का तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हाच आण्णांचे गुडघेही गेले, आणि त्यांना समुद्रावर न्यायचं काम माझ्याकडं आलं. खासबाग ते वेंगुर्ला, आंबोलीवरून, माझ्या गाडीच्या काट्यावर एकशे बावीस किलोमीटर. तीन वर्षांत आम्ही बारा वेळा गेलो. एकाही वेळी मी हौसेनं गेलेलो नाही. अमावास्येला ओहोटी लांब जाते म्हणून त्याच्या आसपासचा रविवार ठरलेला. मला रविवारी झोप हवी असते. कंबर दुखते, घाटातल्या वळणांनी आणखी दुखते. दर वेळी मी ठरवतो की ह्या खेपेला नाही म्हणायचं. मग सकाळी सहाला भिंतीतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो, नंतर छत्री, नंतर पिशवी. मी उठतो.

घरी त्यांच्याकडं लोणच्याच्या नऊ बरण्या आहेत, सगळ्या समुद्रानं घासलेल्या काचांनी भरलेल्या. मांडणी रंगावर, आणि रंगांची नावं साड्यांची. मी एकदा एका बरणीला पांढरी म्हणालो.

"पांढरी न्हाय ती. मोतिया."

"आणि ही हिरवी?"

"कंची हिरवी? ही पोपटी, ती शेवाळी. चाळीस वर्सं शेजारी ऱ्हाऊन तुमाला रंग कळंना."

माझं वय एकावन्न आहे, आणि मी शेजारी येऊन सतराच वर्षं झालीत. मी तसं म्हणालो. त्यांनी हात झटकला. "आकडा सोडा, अंग बघा." हे त्यांचं नेहमीचं. अंग म्हणजे कापडाचा पोत. काचेलाही अंग येतं, म्हणतात. नवी काच बोट कापते, समुद्रात वीस वर्षं राहिली की धुतलेल्या लुगड्यासारखी होते.

काचेला ते 'गाज' म्हणतात. कानडीत काचेला गाजु म्हणतात, तोच हा शब्द. मलाही कानडी येतं, इथं सगळ्यांनाच येतं, म्हणून मी कधी त्यावर थांबलो नाही. सतरा वर्षांत न थांबणं ही माझी चूक, ती आधी नोंदवून ठेवतो.

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या वाचनालयानं 'कथा-कादंबऱ्यांतला समुद्र' असा एक कार्यक्रम ठेवला. सेक्रेटरी बरण्या बघून गेले होते. आण्णांनी चार काचा दाखवाव्यात आणि दहा मिनिटं बोलावं असं त्यांनी सुचवलं. आण्णांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोलायला बोलावलं होतं. त्यांनी नवीन टोपी घेतली. पुढच्या खेपेला गाडीत, आंबोलीच्या वळणांवर, मला भाषणाची तालीम ऐकायला लागली.

"कथेत समुद्र आला की गाज येतीच," आण्णा म्हणाले. "शारदा सुताच्या कांड्या भरायची आणि पुस्तक मोठ्यानं वाचायची. मी मागावर. लई पुस्तकं ऐकलो मी. बाई एकली किनाऱ्यावर बसतीया, तिचा मानूस बोटीवर गेलाय, आणि लिव्हणारा लिव्हतोय, ती समुद्राची गाज ऐकत बसली. का लिव्हतोय? तर घरातलं भांडं फुटलं की आपन टाकतो. समुद्र टाकत न्हाय. घासतोय, घासतोय, आणि परत आनून देतोय. म्हनून कथेत गाज आली की समजायचं, ह्यो मानूस परत येनार."

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. "पण आण्णा, गाज ऐकत कशी बसेल?"

"वाजती की वो! लाट मागं जाताना एकीला एक घासून वाजती. पन त्या लिव्हनाऱ्यांची एक चूक हाय. गाज कुठल्या रंगाची, ते एकबी लिव्हत न्हाय. सभेत विचारनार हाय मी."

सभेला साठ माणसं येणार होती, त्यातले निदान दहा निवृत्त मास्तर.

"ही गोळा करायची सुरुवात कशी झाली?" मी विचारलं. वेळ काढायला विचारलं.

"शारदाचं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन आली, आणि तिला झोपच येईना. मी विचारलो, काय गं, काय कमी हाय हितं? तर म्हनाली, इथे गाज नाही ना, म्हणून. मला वाटलं, एवढंच व्हय! दुसऱ्या आठवड्याला एस्टीनं जाऊन शोधून आनलो. शेवाळी, एवढी. हातावर ठिवलो. तिनं लई येळ बघितलं. मग हसली, एवढी हसली की डोळ्यातनं पानी आलं. त्या दिसापासनं झोपायला लागली. मग मी आनतच गेलो."

वेंगुर्ल्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता. सांगितलं तर ह्या माणसाचं चाळीस वर्षांचं येणं-जाणं चुकीचं ठरतं. नाही सांगितलं तर साठ माणसं हसतात. मी चूक दिसल्यावर गप्प बसणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बसता आलं असतं तर बसलो असतो.

ओहोटी होती. आण्णा वाकून चालत होते, मी छत्री धरून मागं. त्यांना एक मोतिया सापडली. चाटून झाली.

"आण्णा," मी म्हणालो, "ती कानडी गाज. मराठीत गाज म्हणजे काच नव्हे."

"मग?"

"आवाज. लाटांचा. हा आत्ता येतोय तो."

आण्णा सरळ झाले. समुद्राकडं तोंड करून उभे राहिले. एक लाट आली, गेली. दुसरी आली.

"ह्येला नाव हाय?" ते म्हणाले.

"आहे."

ते बराच वेळ ऐकत होते. मग मुठीतल्या काचेकडं बघितलं. "म्हंजे तिनं ह्ये मागितलं हुतं. आणि मी जलमभर तिला भलतंच आनून दिलो."

मला खरं तेवढंच बोलता येतं, आणि त्या वेळी माझ्याकडं उपयोगाचं खरं काही शिल्लक नव्हतं.

त्या दिवशी आण्णांनी आणखी एकही तुकडा उचलला नाही. येताना एकशे बावीस किलोमीटर भाषणाचा विषयसुद्धा निघाला नाही. पाचच्या सुमाराला गल्लीत गाडी लावली, तरी उतरेनात. मला वाटलं गुडघे धरले, म्हणून दार उघडून हात दिला.

"सायेब," ते म्हणाले, "शारदा दुपारी आडवी झाली की शेवाळी बरनी उशाला घ्यायची. कानाजवळ धरून हळूहळू कलंडवायची. हिकडं. परत तिकडं. मला वाटायचं, मोजतीया. मी वराडायचो, किती येळा मोजतीस गं, चोरी झाली काय?"

"मग त्या काय म्हणायच्या?"

"म्हनायची, मोजत नाही हो. तुम्ही आणलेलं ऐकते."

मला हात मागं घेता येईना. तेही उतरेनात. मागं एक रिक्षा हॉर्न वाजवत होती.

भाषण झालं नाही. सेक्रेटरी नाराज झाले, मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे खरोखरच दुखत होते, म्हणून ते खोटं धरत नाही. टोपी आण्णांनी घडी करून ठेवली आहे. पुढच्या अमावास्येला आम्ही बाराव्यांदा गेलो. आता ते काच चाटतात, आणि खिशात टाकण्याआधी दोन तुकडे कानाशी धरून एकमेकांवर घासतात. वेळ दुप्पट लागतो. माझी कंबर आहे तशीच आहे.

गेल्या रविवारी जेवून मी पेपर घेऊन पडलो होतो. बायको स्वयंपाकघरात होती. भिंतीपलीकडनं आवाज यायला लागला. सावकाश एका बाजूला जायचा, थांबायचा, परत यायचा.

"अवो, पाऊस आला का बघा," बायको ओरडली. "वर कापडं हायत."

"पाऊस नाही. गाज आहे."

तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि जरा वेळ ऐकलं.

"कंची? कानडी का मराठी?"

"दोन्ही," मी म्हणालो.