सलगमांची साप्ताहिक तपासणी

ज्याची तपासणी होत नाही, त्याची प्रगती होत नाही. माणसांच्या बाबतीत हे केव्हाच सिद्ध झालं होतं. सलगमांच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचा मान धाकटीच्या बाबांना मिळाला.

बाबा मोठ्या कचेरीत तपासनीस. परसातलं कुठलंही काम ते अर्धवट सोडत नसत (आजवर एकही सुरू केलं नव्हतं). यंदा मात्र त्यांनी स्वयंपाकघरामागच्या वाफ्यात सलगमाच्या बत्तीस बिया मोजून पेरल्या. रोपं वीतभर झाली तसा प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि नियम ठरला: दर रविवारी सकाळी नऊला प्रत्येक सलगम उपटावं, धुवावं, मोजावं, वहीत नोंदवावं आणि सन्मानाने पुन्हा जागेवर लावावं.

उपटणार बाबा, धुणार आई, नोंदी धाकटीकडे. नावं ठेवण्याचं काम आत्याकडे (ते आधीपासूनच होतं).

"अहो, ही भाजी आहे की आरोपी?" आईने पहिल्याच रविवारी विचारलं.

"खाली काय चाललंय, ते बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"वाढतंय रे दादा ते," आत्या म्हणाली. "दुसरं काय करणार? पत्ते कुटणार?"

आकडे बोलके होते. पहिल्या रविवारी रोपं हजर एकतीस. दुसऱ्या रविवारी चोवीस. बाकीच्यांनी माना टाकलेल्या (वहीत शेरा: 'विश्रांतीवर'). तिसऱ्या रविवारी नऊ, सरासरी जाडी शेंगदाण्याएवढी. कारण उघडच होतं. आठवड्यातून एक तपासणी कमी पडत होती. ती रोज सुरू झाली.

पेरताना धाकटीच्या मुठीतून एक बी निसटली होती. ती वाफ्याबाहेर पडली तिथे ना क्रमांक, ना मार्गदर्शन. एवढ्या हलाखीतही तिथलं सलगम चेंडूएवढं झालं आणि जांभळे खांदे मातीबाहेर काढून ऐटीत बसलं. धाकटी शाळेतून आली की त्याला पाणी घालायची, तेही दुसरीकडे बघत. एवढं एक तरी वाचावं, इतकंच तिचं मागणं होतं.

शनिवारी वाफा पूर्ण रिकामा झाला आणि बाबांनी वही पहिल्या पानापासून तपासायला घेतली.

"बिया बत्तीस, नोंदी एकतीस. एक कुठाय गं?"

धाकटीने आभाळाकडे बघितलं. "चिमणीने खाल्ली, बाबा."

"तू पाहिलीस?"

"चोचीत होती."

आईने ओठ दाबून घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली. आत्या पुढे सरसावली. "मीपण पाहिली. तपकिरी होती. जरा जाडच."

दोन साक्षीदार म्हटल्यावर प्रश्नच मिटला. चिमणीची फाइल उघडली गेली (वर्णन: तपकिरी, जाड, फरार). बाबा आता रोज सकाळी चिमण्या मोजतात. चिमण्याही कमी व्हायला लागल्या आहेत.

ते सलगम मात्र खुशाल आहे. कालच त्याला नवं पान फुटलं. ते नेमकं कुठे आहे, हे धाकटी विश्वासातल्या माणसाला सांगायला तयार होती, आणि तुमचं नाव यादीत वर होतं. पण मघापासून तुम्ही मनातल्या मनात त्या परसाचे कोपरे धुंडाळताय. केवढं झालं असेल, जरा माती सारून एकदाच बघू, असंही तुम्हाला वाटून गेलंय.

तेव्हा क्षमस्व. तुमचं नाव बाबांच्या खाली लिहिलं आहे.