फ्लॉवर पिळणारे अण्णा

आमचे घरमालक ज्ञानोबाअण्णा स्वतःच्या शेतात इंद्रायणी तांदूळ पिकवतात आणि तो खाऊ नका म्हणून गावभर सांगत फिरतात. दारात गिर्‍हाईक आलं की पोतं उघडून मूठभर दाणे त्याच्या नाकाशी धरतात, वास घ्यायला लावतात, मापावर चार दाणे जास्तच टाकून देतात आणि निघताना बजावतात, "जपून खावा. प्वाटात गेला की साखर हुतीया ह्याची."

मी मूळचा चिपळूणचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करतो, निम्मं आयुष्य कंपनीच्या कॅबमध्ये काढतो आणि उरलेलं नेर्‍यात, अण्णांच्या इमारतीत दुसर्‍या मजल्यावर. घर बघायला आलो तेव्हा खिडकीतून भातखाचरं दिसली आणि मी नळाला पाणी येतं का हेसुद्धा न विचारता हो म्हणालो. दोन्ही वेळा भात खाणार्‍या माणसाला याहून चांगला शेजार कुठे मिळणार? पहिल्याच रविवारी अण्णांनी जेवायला बोलावलं. ताटात पांढराशुभ्र, वाफाळता ढीग पडला. मी त्यावर आमटी ओतली आणि पहिला घास घेतला. तो फ्लॉवर होता.

"भातावानी लागतंय का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

हा प्रश्न ते भेटेल त्याला विचारतात. आम्हा भाडेकरूंकडे त्याचं एकच उत्तर असतं, कारण पाण्याच्या मोटारीचं बटण अण्णांच्या हातात आहे.

अण्णा उंच, काटक. उरवड्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करून निवृत्त झालेले. रोज सकाळी बंडी घालून ओट्यावर बसतात आणि फ्लॉवरचा गड्डा किसणीवर असा घासतात की रस्त्यावरून जाणार्‍याने आपले हात खिशात घालावेत. मग कीस जुन्या पंच्यात बांधून पिळतात. पिळण्यावर त्यांची फार श्रद्धा. "पानी निगालं पायजे. पिळल्याबिगर मोकळा व्हत न्हाई," असं सांगताना प्रेसवरचे सगळे दिवस त्यांच्या मनगटात उतरतात. मग ते गाठोडं खुंटीला टांगून ठेवतात. पाडव्याला ते बघून मी चक्का समजलो आणि श्रीखंडाच्या आशेने दुपारपर्यंत उपाशी राहिलो. त्या दिवशी मला फ्लॉवरचा उपमा मिळाला.

भातावर ते थांबले असते तरी चाललं असतं. पण अण्णा मोबाईलवर बघून बघून पुढे गेले. फ्लॉवरचं थालीपीठ झालं, फ्लॉवरची इडली झाली. एकदा तव्यावर फ्लॉवरची जाड भाकरी थापून तिच्यावर ठेचा आणि पनीर पसरलं आणि वरच्या मजल्यावरच्या पंकजला हाक मारली. पंकज कानपूरचा, साधा मुलगा. एक तुकडा खाऊन म्हणाला, "अंकल, ये तो गोभी है."

"गोभी नहीं, पिझ्झा है. खाव," अण्णा म्हणाले. पंकजने खाल्ला. संध्याकाळी अंघोळ करायची होती त्याला.

कळस झाला गावच्या सप्त्यात. शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादाला भाताची देखरेख अण्णांकडे होती. सकाळी देवळासमोर टेम्पो आला आणि त्यातून तांदळाच्या पोत्यांबरोबर फ्लॉवरचे गड्डे उतरायला लागले. आचारी डोक्याला हात लावून खाली बसला. मंडळातल्या एकाने विचारलं, देवाला बी साखर झाली का? अण्णा अजिबात डगमगले नाहीत. "देवाला न्हाई झाली. पंगतीत बसनार्‍या निम्म्यांना हाय. हात वर करायला सांगू का?" शेवटी भाताशेजारी फ्लॉवरची एक कढई चढली. तिच्यासमोर उघडपणे कोणी उभं राहिलं नाही, पण पंगती उठल्या तेव्हा ती रिकामी होती. कोणी खाल्लं हे गावात अजून कोणी कबूल केलेलं नाही.

एवढा छळ सोसल्यावर मला वाटलं, निदान यांची साखर किती आहे ते तरी कळावं. हिराकाकी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हसल्या.

"त्यास्नी कुटली साखर? त्यांचं समदं बेस हाय. साखर माजी."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली म्हणून अण्णा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. साखर डोळ्यांत उतरली होती. भात सुटला नाही तर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी अण्णांना विचारलं, या रोज काय जेवतात, किती जेवतात? अण्णांना सांगता आलं नाही. लग्न झाल्यापासून काकी सगळ्यांच्या मागून, आत चुलीपाशी एकट्याच जेवत आल्या होत्या. पातेल्यात उरलेला भात आणि आमटी, पोट भरेल एवढी. त्यांना जेवताना अण्णांनी कधी पाहिलंच नव्हतं. दुसर्‍या दिवशी बाजारातून फ्लॉवर आला, आणि त्या दिवसापासून अण्णा स्वतःचं ताट घेऊन काकींच्या समोर बसतात.

"पैल्यांदा लाजच वाटायची," काकी म्हणाल्या. "माज्या एकटीचं येगळं शिजवलं आसतं, तर मी चोरून भात खाल्ला आसता. त्यास्नी ठाव हाय. म्हनून समद्यास्नीच खायला लावत्यात."

इतके महिने मनातल्या मनात मी त्या माणसाला काय काय म्हटलं होतं, ते आठवून मी खाली बसलो आणि काकींच्या सुपातले खडे वेचायला लागलो.

दिवाळीनंतर काकी भावाकडे बारशाला त्याच्या गावी गेल्या. सोबत अण्णांनी फ्लॉवरचे गड्डे आणि एक नवी किसणी दिलीच. रविवारी दुपारी मला खालून हाक आली. दारातच वास आला, खराखुरा. नव्या इंद्रायणीचा भात, वर तूप, शेजारी आमटी. मी मांडी घालून बसलो आणि मग अण्णांच्या ताटाकडे लक्ष गेलं. त्यांच्या ताटात फ्लॉवरच होता.

मी म्हटलं, अण्णा, आज काकी नाहीत. तुम्हाला कसलं पथ्य नाही. आज तरी घ्या.

अण्णांनी घास कालवला. "येकदा खाल्ला, की म्हाईत पडंल काय सोडलंय त्ये. मग उद्या तुज्या काकीम्होरं बसून ह्ये ग्वाड लागतंय म्हनायचं कसं? तिला कळंल. माज्या तोंडाकडं बघूनच ती खाती."

मी भातावर आमटी ओतली. तेवढ्यात अण्णा पुढे सरकले आणि जरा संकोचून म्हणाले, "यंदाचा कसा झालाय, सांग की. मी चाखला न्हाई आजून."

म्हणून मी सावकाश जेवलो आणि प्रत्येक घासाला सांगत गेलो. मऊ आहे, किंचित चिकट आहे, तूप घातलं तरी वास दबत नाही, मागून गोडसर लागतो. अण्णा फ्लॉवर चावत ऐकत होते. मी थांबलो की म्हणायचे, "आनि?"