बेकारीची पाहणी

उपेंद्र पाच्छापुरे पंपाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेला असताना सरकारी माणूस आला आणि त्याने लगेच फोटो काढला.

"पाच्छापुरे तुम्हीच का?"

"होय की. जरा तो पाना द्या इकडं."

माणसाने पाना दिला, पाना घेतानाचाही फोटो काढला आणि मग ओळख करून दिली. रविकिरण, क्षेत्र-पडताळणी सहायक. सरकारच्या मोफत पुनर्प्रशिक्षण योजनेत उपेंद्रने अर्ज केला होता. अर्जदार खरोखरच बेकार आहे की नाही, हे घरी येऊन पाहणं रविकिरणचं काम होतं.

"तुम्ही तर काम करताय," तो दुःखाने म्हणाला.

"हे काम कुठलं? बिल्डिंगचा पंप बघतोय. फुकट."

"ॲपमध्ये फुकट असा पर्याय नाही. 'अर्जदार काम करत होता' किंवा 'करत नव्हता', एवढंच आहे." त्याने पहिल्यावर बोट टेकवलं. फोनने आनंदाने टिंग केलं. उपेंद्र अपात्र ठरला होता.

यशवंतपूरच्या ज्या कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, तो वर्षापूर्वी परराज्यात गेला. यंत्रं नेली, माणसं इथंच ठेवली. तेव्हापासून तो मल्लेश्वरमच्या घरी होता. हाताला चैन नव्हती, म्हणून शेजाऱ्यांचे मिक्सर, कुलपं, गिझर उघडत बसायचा. हेब्बाळच्या केंद्रात याच योजनेतला विजेवरच्या गाड्यांच्या दुरुस्तीचा वर्ग सुरू होणार होता. वयाची अट पन्नास. उपेंद्रला पन्नास पूर्ण व्हायला दीड महिना उरला होता. पुढच्या बॅचला तो सरकारच्या लेखी शिकण्यापलीकडे जाणार होता.

"फेरपाहणी मागता येते," रविकिरण म्हणाला. तो मूळचा निपाणीचा, उपेंद्रचं मराठी ऐकून त्याला दया आली. "आठ दिवसांत मी कधीही येईन. तेवढे दिवस काही करू नका म्हणजे झालं."

उपेंद्रची बायको शिवलीला हिने लगेच कारभार हातात घेतला. इस्त्रीचा शर्ट घालून त्याला सकाळी आठलाच व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं.

"लसूण तरी सोलतो की."

"फोटोत लसूण दिसंल. गप बसा."

"पेपर वाचू?"

"वाचा. पण पान हळू उलटा."

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्याच गंगव्वा मिक्सर घेऊन आल्या. "अण्णा, स्वल्प बघा की. इडलीचं वाटायचंय."

उपेंद्रने नुसत्या आवाजावरून ओळखलं, ब्रश झिजलेत. पाच मिनिटांचं काम. "नाही जमणार, अक्का. मी बेकार आहे."

"ते ठाऊक आहे की. म्हणून तर आले."

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा श्रीहर्ष, पुण्याहून आलेला संगणकवाला, दार लॉक झाल्यामुळे हाफ पँटमध्ये बाहेर अडकला. "काका, प्लीज, दहा मिनिटांत माझा क्लायंट कॉल आहे!" उपेंद्रने हात मांड्यांखाली दाबून धरले. श्रीहर्षने तो कॉल जिन्यात बसून घेतला. त्यानंतर त्याने काकांकडे बघणं सोडलं.

पाचव्या दिवशी पंप पुन्हा बंद पडला. या खेपेला कपॅसिटर गेला होता, हे त्याला खुर्चीतूनच कळलं. बाहेरच्या मिस्त्रीने दोन दिवसांनी येतो म्हणून सांगितलं. सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन समोरच्या नळावर रांगेत उभी राहू लागली, आणि रांगेसमोर इस्त्रीचा शर्ट घालून उपेंद्र बसलेला. भरल्या बादल्या नेताना लोक त्याच्यापाशीच नेमके दमायचे आणि मोठ्याने बोलायचे. शिवलीलाही बादली घेऊन गेली आणि चार वाक्यं ऐकून आली.

"मला आता उठू दे," तो कळवळला.

"तीनच दिवस राहिले. मला काय कमी ऐकावं लागतंय?"

सातव्या दिवशी रविकिरण आला. उपेंद्र खुर्चीत होता. डोळेसुद्धा अर्धवट मिटलेले.

"छान! हात थोडे आणखी सैल सोडा. हां, अस्सं." फोटो झाला. "आता फक्त दोन शेजाऱ्यांचे जबाब. अर्जदार काही काम करत नाही म्हणून."

शिवलीलाचा चेहरा पडला. आठवड्यापूर्वी अख्ख्या बिल्डिंगमध्ये असा जबाब द्यायला एक माणूस मिळाला नसता. पण आज 'शेजाऱ्यांचे' हा शब्द ऐकताच गंगव्वा बादली तिथेच ठेवून पुढे आल्या.

"कुठं करायची सही? काही म्हणजे काही करत नाहीत हे. पुढंही करतील असं वाटत नाही, तेपण लिहा."

"लिटरली काहीच करत नाहीत, सर," श्रीहर्ष म्हणाला. "मी साक्षीदार आहे. जिन्यात होतो."

मागे आणखी सहा जण उभे होते. दोनच लागतात म्हटल्यावर ते नाराज झाले.

फोनने टिंग केलं. शिवलीलाने साखर आणायला आत धाव घेतली. उपेंद्र मात्र खुर्चीतच बसून राहिला. सव्वीस वर्षांत त्याला कुणी कागदावर शाबासकी दिली नव्हती. पहिला दाखला मिळाला तो याचा, आणि तोही एकमताने. रविकिरण गल्लीच्या टोकाला वळल्यावर तो उठला आणि शर्ट न बदलताच पंपाच्या खड्ड्यात उतरला. अर्ध्या तासात टाकीत पाणी पडू लागलं. कुणी आभार मानले नाहीत. एवढे दिवस काय झालं होतं, असं मात्र तिघांनी विचारलं.

पुढच्या महिन्यात तो वही, डबा घेऊन हेब्बाळच्या केंद्रात पोचला. दुसऱ्या बाकावर जागा होती. तिथे आधीच बसलेल्या माणसाने सरकून जागा दिली. तो रविकिरण होता.

"तुम्ही? इथंही पाहणी?"

"छे हो. आता अर्जदार स्वतःच घरून फोटो पाठवतात. आम्हां कंत्राटी माणसांना एक तारखेपासून काढलं."

"मग तुमची बेकारी कुणी तपासली?"

"लॉगिन बंद व्हायच्या आत मीच. आमच्या भागाची यादी माझ्याकडंच होती." रविकिरणने नवी वही उघडून पहिल्या पानावर समास आखला. "घरी गेलो, खुर्चीत बसलो, फोटो काढला."

"आणि शेजाऱ्यांच्या सह्या?"

"त्या मागायच्या आत मिळाल्या. नऊ वर्षं सरकारी खात्यात आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की."