ओळख पटवायला या

"डोंगरात मला वाट विचारायची वेळ आली, तर मिशी उतरवीन!"

निघताना जिन्यात उभं राहून नकाशेकाकांनी हे जाहीर केलं. ऐकायला कोणी नव्हतं, तरी केलं! चाळीस वर्षं कचेरीत नकाशे काढलेला माणूस तो. बावीस दिवसांची डोंगरवाट, पाठीवर तंबू, आणि फोन मुद्दाम घरी ठेवलेला. "माणसांचा वैताग आलाय मला," ते कुलपाला म्हणाले.

खरं तर बायको गेल्यापासून तीन वर्षांत वैताग द्यायला घरात माणूसच उरलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी समोरच्या खिंडीत धूर दिसला आणि वाटेवर आडवी दोरी. दोरीला पाटी : 'पुढे वणवा. वाट बंद.' दोन दिवसांत त्यांच्याशी कोणी काही बोललं असेल, तर ती पाटीच. काकांनी तिच्याशीच वाद घातला.

"बंद म्हणजे किती बंद?"

"पूर्ण बंद!" मागून आवाज आला. वनरक्षक बाई जीप घेऊन उभ्या होत्या. काकांनी नकाशा उघडला, तीन आडवाटा दाखवल्या. बाईंनी एकेकीवर बोट ठेवलं. "ही जळली. ही जळतेय. ही दुपारपर्यंत जळेल. बसा गाडीत!"

पायथ्याच्या शाळेच्या हॉलमध्ये वाटेवरचे सगळे प्रवासी गोळा केले होते. जोडपी, मित्रांची टोळकी, बापलेकी. जो तो कुणाच्या तरी गळ्यात पडत होता. काका कोपऱ्यातल्या सतरंजीवर आपल्या पिशवीच्या गळ्यात हात टाकून बसले.

मग फॉर्म आला. नाव, वय, पत्ता, सगळं काकांनी टपोऱ्या अक्षरात भरलं. 'कोणाला कळवायचं?' इथे पेन्सिल थांबली.

"काका, कोणाचं तरी लिहा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे ओळखपत्र नाही. ओळखणारं माणूस आल्याशिवाय सोडता येणार नाही."

काकांना जगात एकच नंबर पाठ होता. वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरचा! दर रविवारी ते त्याला फोन करून झापत : रेडिओ मोठा लावता, कुंड्यांचं पाणी गळतं, सपाता फटाफट वाजतात. फोनखेरीज दोघांत बोलणं नव्हतं. काकांनी मान खाली घालून तोच नंबर लिहिला.

लाइन खरखरत होती. बाई ओरडल्या, "तुमच्या खालच्या मजल्यावरचे काका! वणव्यातून आणलेत! इथे हॉलमध्ये ठेवलेत! ओळख पटवायला या आणि घेऊन जा!"

वाक्य काकांच्या कानाला जरा खटकलं. पण तोवर फोन कटला होता.

पाच वाजता कंपाउंडर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, लाल डोळे, हातात फुलांचा हार. दारातच त्याने बाईंना दबक्या आवाजात विचारलं, "चेहरा... ओळखण्याजोगा आहे ना?"

"थोडा सुजलाय. झोपून उठलेत ना!"

कोपऱ्यात काका चहात बिस्किट बुडवत होते. कंपाउंडर जागीच खिळला. बिस्किट कपात पडलं.

"तुम्ही जिवंत आहात?" तो गरजला. "अहो, मी बिल्डिंगची शोकसभा उरकून आलोय! दोन मिनिटं शांतता पाळली!"

"माझ्याबद्दल... कोण काय बोललं?"

कंपाउंडर धपकन सतरंजीवर बसला. "कोणाला काही सुचेना. भेटायचात कुठे कुणाला? शेवटी मीच उभा राहिलो. तुमच्या तक्रारी सांगितल्या, एकेक करून. पंधरा मिनिटं बोललो." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "शेवटी आवाज फुटेना."

काका बराच वेळ कपात बुडालेलं बिस्किट चमच्याने शोधत राहिले.

"बसा आरामात," ते म्हणाले. "परतीची गाडी उद्याच आहे."

सहा तासांच्या प्रवासाने दमलेला कंपाउंडर हार उशाशी घेऊन आडवा झाला, आणि दिवेलागणीच्या आतच घोरू लागला. घोरणं कसलं, ओल्या लाकडावर करवत! काका ताडकन उठले आणि तरातरा बाईंच्या टेबलापाशी गेले.

"हा माणूस भयंकर घोरतो!"

"मग तुमची सतरंजी पलीकडे टाकू का, काका?"

"नको, नको!" काका घाबरून म्हणाले. "मी आपलं नुसतं सांगायला आलो होतो."