मुलुंडचा माइक

मुलुंडच्या मंडपापाशी टेम्पोतलं सगळं सामान उतरलं, तरी शेवंती काही उतरेना.

"अगं, उतर ना! साउंड चेक राहिलाय," रामनाथ खालून ओरडला. 'सूरपाखरू ऑर्केस्ट्रा' त्याचा. कीबोर्डही तोच वाजवायचा आणि सगळ्यांच्या वाटचं चिडायचाही तोच.

"दादा, आधी अर्थिंग बघून घ्या ना," शेवंती म्हणाली. गाणं सोडलं तर तिचा आवाज शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जायचा.

नवरात्रात ऑर्केस्ट्राला रोज वेगळं मंडळ, रोज वेगळा मंडप. मानखुर्दहून टेम्पो निघायचा तो कधी अंधेरी, कधी घाटकोपर. शेवंती अकरा वर्षं हे नऊ दिवस अनवाणी राहत आली होती. खडे टोचायचे, डांबर पोळायचं, त्याची तिला सवय होती. पण काल बोरिवलीला ओल्या सतरंजीवर उभं राहून तिने पहिली ओळ घेतली आणि माइकने तिच्या ओठाला असा चावा घेतला, की एरवी आठ दिवस रियाज करून न लागणारा वरचा सूर आपोआप लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती माइकपासून चार हात लांबच राहत होती.

"चपला घाल ना, ताई. विषय कट," ऑक्टोपॅड वाजवणारा विकी म्हणाला.

"व्रत आहे रे माझं."

"गाण्यापुरत्या घाल. देवीला कुठे दिसतंय?"

"आणि तिला दिसत नाही, हे तुला दिसतंय?" शेवंती म्हणाली.

रामनाथ मंडळाच्या सेक्रेटरींकडे, विद्याधरांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "सहा दिवस झाले, रोज दोनशे बायका येतात. कुणाला काय झालं नाही. तुमच्याच बाईंना बरा शॉक लागतो! आणि वायरमन आता कुठे मिळणार? तो गरब्यात नाचतोय."

रामनाथ परत आला तो वैतागूनच. "हे बघ, नसेल जमत तर आत्ता सांग. रुचिरा फोन केला की येईल. पण मग पुढच्या वर्षीही तीच उभी राहणार, हां. मग तू परत कोरसमध्ये."

नऊ वर्षं कोरसमध्ये मागे उभी राहिल्यावर यंदा कुठे शेवंती पुढे आली होती. तिने देवीकडे पाहिलं. देवीच्या बाजूला नैवेद्याचा एक जादा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. लाकडातून करंट जात नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. मंडळाच्या बायकांना विचारून तिने पाट घेतला, माइकसमोर मांडला, त्याला नमस्कार केला आणि वर उभी राहिली. आता काही झालं तरी पाय खाली ठेवायचा नाही.

कार्यक्रम सुरू झाला. लाल साडी, अनवाणी पाय, पाटावर उभी, डोळे गच्च मिटलेले. हाताची बोटं माइकभोवती भीतीने आवळली होती, ती सुटेनात. दोन ओळींच्या मध्ये ओठ देवीचं नाव पुटपुटत होते. आणि नखशिखांत ती थरथरत होती.

"अगो बाय! हिच्या अंगात इला!" पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळाच्या अंजनाबाई ओरडल्या. कोणी काही म्हणायच्या आत त्या स्टेजवर चढल्या आणि शेवंतीच्या पायांवर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

पाटामुळे अडून राहिलेल्या करंटला वाट मिळाली. शेवंतीला झटका बसला, आणि अंजनाबाईंनाही.

"माये माझे! हातातसून पार कोपरापर्यंत झिणझिण्या!"

मग काय, रांगच लागली. एकेक बाई यायची, पायाला हात लावायची आणि "आई गं!" म्हणून धन्य होऊन उतरायची. दर हाताला शेवंती उडायची. ती उडाली की रांग आणखी लांबायची. करंटची भीती होतीच, त्यात आता दुसरी, त्याहून मोठी शिरली. देवीच्या समोर, देवीच्या पाटावर उभं राहून आपण नमस्कार घेतोय!

"दादा, थांबवा हो!"

"गात राहा, माझे आई," रामनाथ कीबोर्डवरून कुजबुजला.

शेवंतीने जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. "मला शिवू नका! मी देवी नाही!"

"खरी असली ना, की असंच म्हणते," रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली.

शेवटी विद्याधर हात जोडून पुढे आले. चेहरा उतरलेला. "आई, मंडळाचं काही चुकलं का? काय पाहिजे ते सांगा." ते वाकले, पायाला हात लागला आणि झटक्यासरशी मागे जाऊन बसले.

"अर्थिंग!" शेवंती किंचाळली. "अर्थिंग पाहिजे!"

पाच मिनिटांत वायरमन हजर. अंगात गरब्याचा आरसेवाला कुर्ता, हातात टेस्टर. स्टेजमागे हिरवी वायर कुठेच न जोडता लोंबत होती. ती त्याने जोडली.

"मघाशी गायिकेनं मागितलं तर कोणी विचारलं नाही," रामनाथ विकीला म्हणाला.

माइक गार पडला. शेवंतीची बोटं हळूहळू सैल झाली, थरथर थांबली. तिने डोळे उघडले आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती मोकळ्या गळ्याने गायला लागली. तिला वाटलं, सुटले.

खाली मात्र कुजबुज सुरू झाली. रांग तशीच पुढे सरकत होती, पण बायका पायाला हात लावून बोटांकडे बघत उभ्या राहत होत्या.

"पुढच्यांना मिळालं, आम्हालाच नाही?"

"मी तर सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीये!"

गाणं संपताच विद्याधर घाईघाईने वर आले आणि अगदी आदराने शेवंतीच्या कानाशी वाकले.

"ताई, अजून चाळीस बायका लाइनीत आहेत. आमची मिसेसपण आहे त्यात. ती हिरवी वायर दहा मिनिटं काढून ठेवू का?"